टँकमधल्या खेकड्यांना भरतीची वेळ कशी कळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यावरून आणलेले चार छोटे खेकडे घरच्या टँकमध्ये ठेवलेत, पाणी कायम एकाच पातळीला, भरती नाही ओहोटी नाही, खोलीत रात्रंदिवस एकच मंद दिवा, आणि तरी पहिल्या रात्री नऊच्या सुमाराला जी पळापळ सुरू झाली ती दर रात्री थोडी थोडी उशिरा होत सहाव्या रात्री एक वाजून गेल्यावर झाली. मग हे चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे होतंय का? आणि पाणी आलं की प्राण्याला ते कळतंच, तर आत वेगळं घड्याळ कशाला हवं?

किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या आणि त्यांच्या छोट्या भाऊबंदांच्या हालचाली रेकॉर्ड करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण प्रश्न इतका नेमका विचारलाय की दोन ओळींत उरकवत नाही.

आधी तुमच्या आकड्यांकडे बघू. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात, आणि बहुतेक किनाऱ्यांवर तेवढ्या वेळात दोन भरत्या होतात, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. तुमच्या पहिल्या रात्रीपासून सहाव्या रात्रीपर्यंत पाच दिवस गेले, रोजची ५० मिनिटं धरली तर २५० मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. नऊमध्ये ते मिळवा, एक वाजून दहा मिनिटं. तुम्ही जे बघितलंत ते बरोब्बर तिथेच येऊन बसतं. दिवस-रात्रीचं नेहमीचं घड्याळ असतं तर खेकडे रोज नऊच्या आसपासच फिरले असते, आणि नुसते बावचळून फिरत असते तर वेळ इतकी सरळ रेषेत सरकलीच नसती. म्हणजे तुमच्या टँकमधल्या पाण्याला भरती नसली तरी खेकड्यांच्या आत ती चालू आहे.

एक राहून गेलेलं विचारतो. तुम्ही फक्त रात्री बघितलंत का? कारण रात्री नऊला एक उसळी असेल तर दुसरी सकाळी साडेनऊच्या आसपास यायला हवी. ती लहान असेल, कारण हे खेकडे मुळात रात्री जास्त धीट असतात आणि दिवसाची उसळी दबलेली असते, पण बारकाईने बघितलं तर सापडते. ती दिसली तर केस जवळजवळ पक्की.

आता घड्याळ कशाला, हा खरा प्रश्न. मला विचाराल तर सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. पाणी आलं की कळतं हे खरंच आहे, पण पाणी आल्यावर कळून उपयोग काय, तहान लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखं होतं ते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्राण्याला जगायला लागते ती आगाऊ खबर. खडकावर चरणारं लिंपेट, म्हणजे टोपीसारख्या शिंपल्याची समुद्री गोगलगाय, घ्या, काही जातींची लिंपेट चरायला बाहेर पडतात आणि परत आपल्या ठरलेल्या खाचेत जाऊन बसतात, जिथे त्यांच्या शिंपल्याची कड खडकाला घट्ट जुळते. उघडं पडल्यावर घरी निघालं तर उन्हात वाटेतच वाळून जाईल. फिडलर खेकडे याच्या उलटे, ते ओहोटीत चिखलावर खातात आणि पाणी चढायच्या आधी बिळात शिरून वरून चिखलाचं बूच लावतात, आणि मग आत बंद बिळात बसलेल्याला बाहेरचं पाणी ओसरलं हे कोण सांगणार? आणि पाण्याचा स्पर्श हा निरोप्या म्हणूनही फार भरवशाचा नाही. वादळात लाटांचे शिंतोडे भरतीच्या कितीतरी आधी वरपर्यंत येतात, पावसाने खळगी भरतात, वाऱ्याने पाणी उशिरापर्यंत तुंबून राहतं. प्रत्येक शिंतोड्याला भरती समजून बाहेर पडणारा प्राणी फार दिवस टिकायचा नाही. आतलं घड्याळ आणि बाहेरचं पाणी, दोन्ही जुळलं तर जोरात हालचाल, एकच असेल तर थोडी सावध, असं काहीसं गणित तो मांडत असतो.

यातला माझा सगळ्यात आवडता प्राणी म्हणजे युरिडिस पल्क्रा, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा आयसोपॉड, म्हणजे खेकड्यांचा चपटा, बऱ्याच पायांचा भाऊबंद, पाठीवर काळे ठिपके. हा वाळूत पुरून घेऊन बसतो. भरतीचं पाणी डोक्यावरून गेलं की बाहेर येतो, पोहतो, मिळेल ते खातो, आणि पाणी उतरत जाऊन त्याला खोल समुद्रात ओढून न्यायच्या आत आपल्या पट्ट्यात परत वाळूत शिरतो. चुकला तर संपला, कारण खाली मासे टपलेले असतात. वाळूसकट थोडे युरिडिस एका काचेच्या भांड्यात घ्या, वर समुद्राचं पाणी, आणि शांत ठिकाणी ठेवून द्या. तासन्‌तास काहीच दिसत नाही, नुसती वाळू. मग तुमच्या किनाऱ्यावर भरती होते त्या सुमाराला वाळूचा एक कण हलतो, एक डोकं वर येतं, मग दुसरं, आणि पाच-दहा मिनिटांत भांड्यात सगळीकडे ठिपके गोल गोल पोहताना दिसतात. दोनेक तासांनी एकेक करून परत वाळूत, आणि भांडं पुन्हा रिकामं वाटायला लागतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रभर जागा राहिलो होतो, पुढच्या वेळेचा अंदाज घड्याळ लावून काढला आणि तो पंधरा मिनिटांच्या आत बरोबर आला, त्या क्षणी जे वाटलं ते आजही आठवतं.

हे काही नवीन नाही, गंमत म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये रॉस्कॉफच्या किनाऱ्यावर एक हिरवा चपटा किडा असतो, काही मिलिमीटरचा, त्याच्या अंगात शेवाळाच्या पेशी राहतात आणि तो त्यांच्यावर जगतो. ओहोटीला हे किडे लाखोंनी वाळूवर येतात म्हणजे त्या शेवाळाला ऊन मिळतं, वाळूवर हिरवे डाग पसरल्यासारखे दिसतात, आणि पाणी परतायच्या आधी सगळे वाळूत गडप. जोरात पाय आपटलात तरी गडप होतात. १९०३ च्या आसपास जॉर्ज बोन यांनी, आणि गॅम्बल आणि कीबल या जोडीनेही, हे किडे वाळूसकट प्रयोगशाळेत आणून ठेवले, तिथे ना लाट ना भरती, तरी किडे काही दिवस बाहेरच्या ओहोटीच्या वेळेला वर येत राहिले. तुमच्या टँकमध्ये झालं तेच.

तुमच्या खेकड्यांच्या बाबतीत मुख्य नाव अर्नेस्ट नेलर यांचं. त्यांनी १९५८ मध्ये कार्सिनस मीनास या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याची हालचाल प्रयोगशाळेत मोजून दाखवली, एकाच प्राण्यात भरतीची लय आणि दिवस-रात्रीची लय अशा दोन्ही एकमेकांवर चढलेल्या. पुढे विल्यम्स आणि नेलर यांनी १९६७ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते मला आजही थक्क करतं. त्यांनी खेकडे प्रयोगशाळेतच वाढवले, या खेकड्यांनी जन्मात भरती बघितलेली नाही. ते फक्त दिवस-रात्रीच्या लयीने वागत होते. मग त्यांना एकदा, फक्त एकदाच, काही तास चार अंशाच्या थंडगार पाण्यात ठेवलं आणि परत नेहमीच्या तापमानाला आणलं. आणि खेकडे १२.४ तासांच्या आसपासच्या लयीने फिरायला लागले. थंडीच्या एका धक्क्यात १२ तास २५ मिनिटं ही माहिती कुठून येणार? ती आधीपासून आत होती, वारशाने आलेली, फक्त लंबकाला कुणीतरी एक टोला द्यायची वाट बघत होती.

आता गुरुत्वाकर्षण. हा प्रश्न भाबडा अजिबात नाही, कारण एका फार मोठ्या माणसाने यावर आयुष्य घालवलं. फ्रँक ब्राउन यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या किनाऱ्यावरची कालवं आठशेक मैल आत, इलिनॉयमधल्या इव्हान्स्टनला नेली, जिथे समुद्रच नाही. सुरुवातीला कालवं न्यू हेवनच्या भरतीला उघडत राहिली, पण ब्राउन यांच्या म्हणण्यानुसार दोनेक आठवड्यांत त्यांची वेळ सरकली आणि इव्हान्स्टनला समुद्र असता तर भरती जेव्हा आली असती तिथे जाऊन बसली. यावरून त्यांचं ठाम मत झालं की प्राण्यांच्या आत स्वतंत्र घड्याळ नाही, चंद्राशी जोडलेला कुठलातरी सूक्ष्म इशारा बाहेरून येतो. यावर मोठा वाद झाला. लामाँट कोल यांनी १९५७ मध्ये चक्क रँडम आकडे घेतले, त्यांच्यावर तशीच सरासरीची आणि दुरुस्तीची प्रक्रिया केली आणि त्यातूनही छान लय निघते हे दाखवून दिलं. तो धडा आम्ही आजही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात देतो, कारण डेटा जितका जास्त गुळगुळीत कराल तितकी लय 'सापडत' जाते.

चंद्राची ओढ खेकड्याला जाणवते का याचं सरळ उत्तर देतो. भरती निर्माण करणारा चंद्राचा जो जोर आहे तो पृथ्वीच्या ओढीच्या साधारण एक कोटीवा भाग आहे, अख्ख्या समुद्रावर तो काम करतो म्हणून पाणी हलतं, मुठीएवढ्या खेकड्यावर तो शेजारी कुणी चाललं तरी बसणाऱ्या हादऱ्यापेक्षा कितीतरी कमी. पण हा युक्तिवाद बाजूला ठेवला तरी दोन पुरावे मला निर्णायक वाटतात. एक, खेकड्याला काही तास थंड ठेवलं की त्याची लय पुढे ढकलली जाते आणि तिथूनच चालू राहते, चंद्र चालवत असता तर खेकडा गरम झाल्यावर परत चंद्राच्या वेळेवर आला असता. दोन, लय बरोब्बर १२.४ तासांची नसते. जपानमधल्या खारफुटीत एक रातकिडा असतो, अ‍ॅप्टेरोनेमोबियस असाहिनाई, जो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर फिरतो आणि पाणी चढलं की गप्प बसतो. २००८ मध्ये साटो, योशिओका आणि नुमाता यांनी त्याला पूर्ण अंधारात ठेवून मोजलं, तर लय साधारण १२.६ तासांची निघाली आणि भरतीचा स्पर्श नसताना किमान २४ दिवस टिकली. चंद्राचा दोर असता तर १२.४ च्या बाहेर एक मिनिट जाता आलं नसतं. स्वतःचं घड्याळ असेल तरच ते थोडं मागेपुढे पळतं, भिंतीवरच्या घड्याळासारखंच.

आणि हे मागेपुढे पळणं हा दोष समजू नका. भरतीची वेळ स्वतःच थोडी इकडेतिकडे होत असते, वाऱ्यामुळे, उधाण आणि भांग यांच्या चक्रामुळे, किनाऱ्याच्या आकारामुळे. म्हणून घड्याळ सैल आणि रोज दुरुस्त होणारं असणं हेच सोयीचं. दुरुस्ती कशाने होते हे जातीजातीवर अवलंबून आहे. कार्सिनसला पाण्याचा दाब, तापमानातला बदल आणि खारेपणातला बदल हे तिन्ही चालतात, आणि दाबाबद्दल त्याची जाण विलक्षण आहे, तीन मीटर भरतीने दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ०.३ पट वाढतो तेवढा त्याला भरपूर होतो. युरिडिससारख्या वाळूतल्या प्राण्यांना लाटांनी वाळू ढवळली जाणं पुरतं, प्रयोगशाळेत नुसतं ठराविक वेळी भांडं हलवलं तरी ते त्या वेळेला जुळवून घेतात. खारफुटीतल्या रातकिड्याला पाण्यात बुडणं लागतं. तापमानाची आणखी एक गोष्ट, ज्यावर नवखे लोक हमखास अडखळतात: थंडीचा धक्का घड्याळाची वेळ हलवतो, पण पाणी कायमचं थोडं थंड किंवा थोडं गरम ठेवलं तर घड्याळाचा वेग जवळपास तोच राहतो. थंड रक्ताच्या प्राण्यात श्वास, पचन, चालणं सगळं तापमानाबरोबर वाढतं-कमी होतं आणि घड्याळ मात्र आपला वेग सोडत नाही, ही घड्याळ असल्याची मोठी खूण आहे.

मग हे घड्याळ बनलंय कशाचं? इथे गेल्या काही वर्षांत खूप काम झालं. दिवस-रात्रीच्या घड्याळाचे पार्ट आपल्याला माहीत आहेत, पिरियड, क्लॉक, बीमॅल असे जीन आणि त्यांची प्रोटीनं एकमेकांना चालू-बंद करत २४ तासांचा फेरा पूर्ण करतात. प्रश्न असा होता की भरतीचं घड्याळ म्हणजे हेच घड्याळ वेगळ्या गियरमध्ये चाललंय, की ते मुळातच वेगळं आहे. युरिडिस इथे फार कामी आला, कारण त्याच्या अंगावर दोन्ही घड्याळं एकाच वेळी वाचता येतात. पाठीवरच्या ठिपक्यांमधलं रंगद्रव्य दिवसा पसरतं आणि रात्री आकसतं, म्हणजे पाठ हे २४ तासांचं घड्याळ, आणि पोहणं हे १२.४ तासांचं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सतत प्रखर उजेड ठेवला किंवा पिरियड जीनचं काम दाबलं तर पाठीची लय मोडते आणि पोहण्याची लय मात्र चालूच राहते. जपानी रातकिड्यातही तसंच, पिरियड दाबला की दिवसाची लय जाते, भरतीची राहते. त्यावरून वाटलं की दोन्ही घड्याळं वेगळी. पण मग २०२३ मध्ये पारहायले हवाइएन्सिस या कोळंबीसारख्या छोट्या अ‍ॅम्फिपॉडमध्ये बीमॅल-१ हा जीन पूर्ण काढून टाकला तर भरतीची लयच गेली. आणि युरिडिसमध्येही केसिन कायनेज-१ या एन्झाइमला अडवणारं औषध दिलं की दोन्ही लयी लांबतात. म्हणजे काही पार्ट दोघांचे सामाईक, काही वेगळे. माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या यंत्रांना एकाच दुकानातले काही स्क्रू लावलेत असं चित्र मला सध्या सगळ्यात पटतं, आणि भरतीच्या घड्याळात पिरियडची जागा कोण घेतं हे शोधणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

याच्याआधीचा एक जुना वाद आहे जो तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही डोकावेल म्हणून सांगतो. नेलर म्हणायचे आत १२.४ तासांचं एक आणि २४ तासांचं एक अशी दोन घड्याळं आहेत. जॉन पामर म्हणायचे की नाही, २४.८ तासांची दोन घड्याळं आहेत, एकमेकांच्या बरोबर उलट्या टोकाला बांधलेली, एक सकाळची भरती सांभाळतं आणि दुसरं रात्रीची. पामर यांच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे कधीकधी एका खेकड्याची एक उसळी गायब होते आणि दुसरी तशीच चालत राहते, किंवा दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकायला लागतात, जे एकाच १२.४ च्या घड्याळात जमवणं अवघड. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या असमान उंचीच्या असतात, तिथला एक्सिरोलाना नावाचा आयसोपॉड प्रयोगशाळेतही एक उसळी मोठी आणि एक लहान अशीच ठेवतो. मी स्वतः बरीच वर्षं नेलर यांच्या बाजूचा होतो, आता इतका ठाम नाही, कारण एकेका खेकड्याचे लांब रेकॉर्ड बघितले की पामर म्हणतात तसं तुटलेलं वागणं अधूनमधून दिसतंच. जातीगणिक वेगळं उत्तर निघालं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लुनिओबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लुनिओ मरिनस ही समुद्रातली चिलटासारखी माशी, अळी असताना किनाऱ्याच्या अगदी खालच्या पट्ट्यात राहते, जो पट्टा फक्त उधाणाच्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. पूर्ण वाढ झालेली माशी जगते जेमतेम काही तास. तेवढ्यात कोशातून बाहेर यायचं, जोडीदार शोधायचा, आणि पाणी परतायच्या आत अंडी घालायची. म्हणजे महिन्यातले एक-दोन ठराविक दिवस आणि त्या दिवसातले ठराविक तास. ती हे कसं साधते? एक घड्याळ पंधरवड्याचं, जे दिवस ठरवतं, आणि एक दिवसाचं, जे तास ठरवतं. इथे एक सुंदर गोष्ट आहे जी लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. उधाण येतं अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्या दिवसांत सूर्य-चंद्राची एकमेकांच्या मानाने जागा ठरलेली असते, म्हणून एका किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच वेळेला येते. रोजची भरती ५०-५० मिनिटं सरकते पण पंधरा दिवसांनी ती फिरून जागेवर आलेली असते, म्हणून क्लुनिओला १२.४ च्या घड्याळाशिवाय भागवता येतं. दुसऱ्या किनाऱ्यावर ती वेळ वेगळी, म्हणून तिथल्या क्लुनिओचं दिवसाचं घड्याळही वेगळ्या तासाला लावलेलं. डीट्रिश नॉयमान यांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या माश्यांचा संकर करून दाखवलं की हा फरक आनुवंशिक आहे, आणि २०१६ मध्ये तिचा जीनोम वाचल्यावर हा फरक कुठल्या जीनच्या आसपास असावा याचाही माग लागला.

परत तुमच्या टँककडे येतो. सहा दिवस पुरेसे नाहीत असं नाही, पण पुढे दोन गोष्टी होतील त्या माहीत असू द्या. पहिली, आठवडाभरात चित्र पुसट व्हायला लागेल. कार्सिनसमध्ये असं होतंच, आणि याचा अर्थ घड्याळ बंद पडलं असाच होतो असं नाही. चार खेकड्यांची चार घड्याळं थोड्या वेगवेगळ्या वेगाने पळतात, एकाचं १२.२ तर दुसऱ्याचं १२.७, आठवड्यात त्यांच्यात काही तासांचं अंतर पडतं आणि सगळ्यांची मिळून हालचाल बघितली तर काहीच लय दिसत नाही. म्हणून एकेका खेकड्याला वेगळ्या कप्प्यात ठेवून वेगळं बघा, पाठीवर खूण करून एकत्र ठेवलेलंही मला पटत नाही, कारण एकाने हालचाल केली की बाकीचे उठतात. दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतः. मी सुरुवातीला एक मालिका वाया घालवली आहे, खेकडे रोज सकाळी ठरलेल्या वेळी उठायचे आणि मी खुशीत होतो, नंतर कळलं की त्याच वेळी शेजारच्या खोलीत पंप चालू व्हायचा आणि टेबलाला हादरा बसायचा. तेव्हापासून कानाला खडा लावला, टँकखाली फोमचा जाड थर, आणि खाणं कधीच रोज त्याच वेळी नाही. तुम्ही रोज रात्री जेवणानंतर त्यांना खायला घालत असाल तर खेकडे भरती सोडून तुमच्या जेवणाच्या वेळेला बांधले जातील.

बघायला साधा इन्फ्रारेड कॅमेरा लावा, वेबकॅमही चालतो, दर मिनिटाला एक फोटो. मग कागदावर एका ओळीत एक दिवस, २४ तास डावीकडून उजवीकडे, खेकडा हलला त्या वेळेला काळी खूण, दुसरा दिवस खालच्या ओळीत, तिसरा त्याच्या खाली. दिवसाची लय असेल तर काळे पट्टे जवळजवळ सरळ उभे खाली उतरतील. भरतीची असेल तर दोन पट्टे तिरके उजवीकडे सरकत जातील. डोळ्यांना हे सहज दिसतं आणि माझ्या मते सरासरीचे आलेख काढण्याआधी हा कागदच आधी बघावा. १२ तास आणि १२.४ तास यांत दोन-तीन दिवसांत गल्लत होऊ शकते, पण दहा दिवसांत ८ तास २० मिनिटांचं अंतर पडतं, तिथे कुणी फसत नाही.

लय पुसट झाल्यावर परत आणायची असेल तर थंडीचा धक्का घरी देऊ नका, प्रयोगशाळेत मोजून-मापून केलं तरी प्राण्यावर ताण येतोच, आणि त्यातून तुम्हाला कळणारं नवीन काही नाही. त्यापेक्षा त्यांना खरी भरती द्या. वर एक पाण्याचा डबा, खाली टँक, छोटा पंप, आणि पाणी काही तास चढेल आणि काही तास उतरेल अशी सोय. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात, बाजारातला २४ तासांचा प्लग-टायमर लावतात. त्यावर भरती रोज त्याच वेळेलाच येणार, म्हणजे बारा तासांचं चक्र, जे किनाऱ्यावर नसतंच. खेकडे त्याच्याशीही बऱ्यापैकी जुळवून घेतात आणि मग तुम्हाला दिवसाची लय आणि भरतीची लय कधीच वेगळी काढता येत नाही. पुन्हा-पुन्हा फिरणारा सायकल टायमर घ्या आणि त्यावर १२ तास २५ मिनिटं टाका. चार-पाच दिवस अशी भरती देऊन मग पंप बंद करा आणि बघा, उसळी तुमच्या पंपाच्या वेळेला येते की तुमच्या किनाऱ्याच्या. पंपाच्या वेळेला आली तर तुम्ही घड्याळाला स्वतः किल्ली दिलीत.

नंतर त्यांना सोडायचं असेल तर त्याच किनाऱ्यावर सोडा, आणि टँकमध्ये दुसरीकडचे प्राणी किंवा विकतचे मासे नव्हते तरच सोडा, नाहीतर रोग पसरतात. वेळ निवडा पाणी चढत असतानाची, खडकांच्या सावलीत, ओलं शेवाळ असेल तिथे. घड्याळ चुकलेलं असेल तरी पहिल्याच भरतीला अंगावरून पाणी गेलं, दाब वाढला, थंडावा आला की दुरुस्ती सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत तुमचे चारही खेकडे शेजाऱ्यांच्या वेळेवर आलेले असतील.